पायाळू, वीज आणि चौथीचा वर्ग

गेल्या महिन्याच्या टपालात विजांच्या भीतीविषयी दोन पत्रे आली, एक मराठवाड्यातून आणि दुसरे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतून. दोघांनीही नाव न छापण्याची विनंती केली आहे. वळवाचे दिवस तोंडावर आले असल्याने या अंकात दुसरा कोणताही विषय घेतलेला नाही.

प्रश्न : माझे वय ४३ आहे आणि लातूर जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मी १८ वर्षांपासून शिकवते. मला विजांच्या कडकडाटाची भीती वाटते. आभाळ काळवंडू लागले की माझे तळहात गार पडतात, छाती धडधडते आणि पाय लटपटतात. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. लहानपणी पाठीत उसण भरलेली माणसे आमच्या घरी येत आणि मी त्यांच्या पाठीला पाय लावावा म्हणून आजी मला पुढे करत असे. तेव्हा मला त्याचे मोठे अप्रूप वाटे. पण ढग गडगडले की हीच आजी मला ओढत माजघरात नेई, गोधडीत गुंडाळून अर्जुनाची दहा नावे म्हणायला लावी आणि ‘पायाळूवर वीज पडते, बाहेर डोकवायचं नाही’ असे बजावी. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस परतीच्या पावसात शाळेजवळ जोराचा कडकडाट झाला आणि मी चौथीचा वर्ग तसाच सोडून कार्यालयाच्या खोलीत जाऊन कान दाबून बसले. एक मुलगी मागे आली आणि म्हणाली, ‘बाई, तुम्ही रडताय का?’ त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते. आता मी दिवसातून तीस-चाळीस वेळा मोबाइलवर हवामान पाहते. माझी नऊ वर्षांची मुलगीही ढग आले की माझ्याकडे बघून कानांवर हात ठेवू लागली आहे. घरचे हसण्यावारी नेतात. या वयात ही भीती जाईल का? आणि पायाळूबद्दल जे सांगतात त्यात काही तथ्य आहे का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे सारे त्या एका वाक्यावर उभे आहे. पायाळू माणसावर वीज पडते, यात काहीही तथ्य नाही. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर गर्भारपणांत साधारण तीन ते चार बाळे प्रसूतीच्या वेळी डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ले खाली करून असतात, आणि आज त्यांतील बहुतेक बाळे शस्त्रक्रियेने जन्माला येतात. तुमच्या पटावरच्या मुलांमध्येही असे कोणी असेल आणि ते त्याला ठाऊकही नसेल. वीज जमिनीकडे येताना आसपास उंच काय आहे, उघड्यावर काय आहे आणि प्रवाहाला वाट कुठून मिळते, एवढ्याच गोष्टींचा परिणाम तिच्यावर होतो. एखादे शरीर ४३ वर्षांपूर्वी कसे जन्माला आले, याची कोणतीही खूण त्या शरीरात विजेसाठी शिल्लक राहत नाही.

तुमच्या आजीविषयी मात्र मी कठोर बोलणार नाही. ज्या काळात माणसे शेतात, झाडाखाली आणि उघड्या अंगणात विजेने मरताना दिसत होती आणि त्याचे कारण कोणी समजावून सांगत नव्हते, त्या काळात नातीला घरात ओढून आणणारी आजी योग्य तेच करत होती. चुकले ते तिने दिलेले कारण. ‘वीज आली की सगळ्यांनीच घरात यायचे’ असे ती म्हणाली असती, तर तुमच्या हाती एक नियम आला असता. ‘वीज तुलाच शोधते’ असे सांगितल्यामुळे तुमच्या मनात एक शिक्षा येऊन बसली. सहा-सात वर्षांच्या मुलीने ते वाक्य खरे मानले यात नवल नाही, आणि ते आजही खरे वाटते यात लाजण्यासारखे काही नाही, कारण त्यानंतर ते तपासून पाहण्याची संधी तुम्ही स्वतःला कधी दिलीच नाही.

ही संधी का मिळाली नाही, ते नीट समजून घ्या. कार्यालयाच्या खोलीत जाऊन तुम्ही कान दाबले तेव्हा काही मिनिटांत तुमची धडधड उतरली असेल. ती तशीही उतरलीच असती, कारण भीतीची लाट शरीरात फार वेळ त्याच उंचीवर राहू शकत नाही. पण मनाने त्याचे श्रेय त्या खोलीला आणि कानांवरच्या हातांना दिले. पुढच्या वेळी तेच मन आधीच सांगते की वर्गात थांबलीस तर काही खरे नाही. अशा प्रत्येक सुटकेनंतर भीती एका खोलीने मोठी होत जाते, आणि म्हणूनच वय वाढले तरी ती आपोआप कमी होत नाही. तुमचे मोबाइलवरचे हवामान पाहणेही याच जातीचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे विजांचा इशारा देणारे अॅप रानात जाणाऱ्या माणसासाठी फार मोलाचे आहे आणि ते प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनमध्ये असावे असे मला मनापासून वाटते. परंतु पक्क्या इमारतीत बसलेल्या माणसाने दिवसातून चाळीस वेळा पाहिलेले हवामान म्हणजे खपली काढत राहणे होय. अंदाज सकाळी एकदा पाहा आणि फोन पर्समध्ये ठेवा. यातील पहिला आठवडा तुम्हाला जड जाईल.

आता धोक्याचे बोलू, कारण तुमची भीती पूर्णपणे निराधार आहे असे सांगितले तर ते खोटे ठरेल. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात आणि त्यांतील फार मोठा भाग उघड्या रानात काम करणाऱ्यांचा किंवा झाडाखाली आडोशाला उभे राहिलेल्यांचा असतो. चार भिंतींच्या, वीजजोडणी आणि नळ असलेल्या पक्क्या इमारतीत, खिडक्यांपासून दूर बसलेल्या माणसाला धोका फारच कमी असतो. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे. सेकंदांचा आकडा तिसाच्या आत आला की सर्वांनी आत जायचे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटे बाहेर पडायचे नाही. तेवढ्या वेळात नळाखाली हात धुणे, अंघोळ करणे, खिडकीच्या लोखंडी गजांना धरून उभे राहणे आणि तारेने जोडलेली उपकरणे हाताळणे टाळावे. मोबाइल वीज ओढून घेतो हा समज चुकीचा आहे आणि आरसे झाकण्याची तर काहीच गरज नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. तुम्हाला आवाजाची भीती अधिक वाटते असे पत्रावरून दिसते. वीज ज्या वाटेने जाते तेथील हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि झटक्याने फुगते. तो धक्का म्हणजे गडगडाट. ही वाट काही किलोमीटर लांब असते आणि तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी, तर दूरच्या टोकाचा नंतर पोहोचतो, म्हणून तो आवाज एका ठोक्यात न संपता घरंगळत राहतो. त्यामुळे गडगडाट तुमच्या कानांवर आला याचा अर्थ ती वीज होऊन गेली आणि तुम्ही सुखरूप आहात. ज्या आवाजाला तुम्ही ३५ वर्षे धोक्याची सुरुवात समजत आलात, तो त्या एका विजेपुरता धोक्याचा शेवट असतो. हे कागदावर लिहून डोळ्यांसमोर ठेवा, कारण ऐन वेळी ते आठवणार नाही.

नुसत्या समजण्याने शरीर मात्र ऐकत नाही, त्याला सरावच द्यावा लागतो. भीतीच्या गोष्टीला पायरी-पायरीने सामोरे जाण्याची शिस्तशीर पद्धत जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात मांडली, आणि तिच्यात पुढे बदल होत गेले असले तरी एखाद्या ठरावीक गोष्टीच्या भीतीवर आजही तिच्याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही. ढग भरून येऊ लागायला अजून काही आठवडे आहेत, तेव्हा आजच सुरुवात करा. दुपारी, स्वच्छ उन्हात, घरातल्या खुर्चीत बसून मोबाइलवर गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावा. भीतीला शून्य ते दहा असे गुण द्या. समजा सहा गुण झाले. तर तेथेच बसून राहा, कान झाकू नका, गाणे लावू नका, आणि गुण तीनवर येईपर्यंत बंद करू नका. याला पंधरा मिनिटे लागतील किंवा चाळीसही लागतील. सहावर असताना बंद केले तर सराव उलटा होतो, म्हणून वेळ हाताशी ठेवूनच बसा. तोच आवाज रोज लावावा, आणि तो कंटाळवाणा वाटू लागला की एक रेघ वाढवावी. पुढे खोलीत अंधार करून चमक दिसणारी चित्रफीत पाहावी, त्यानंतर खरे ढग दूर असताना बंद खिडकीपासून थोड्या अंतरावर कोणाच्या तरी सोबतीने बसून सेकंद मोजावेत, आणि मग एकटीने. एखाद्या दिवशी दोन पायऱ्या खाली आल्यासारखे वाटेल. सरावात तसे होतेच आणि त्याने आधीची मेहनत पुसली जात नाही.

श्वासाकडे लक्ष द्या, पण त्याचे अवडंबर नको. चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत सोडा, एवढे पुरे. अर्जुनाच्या नावांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी पत्रात उल्लेख आहे म्हणून लिहितो. अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन असे एकेक नाव सावकाश उच्चारताना श्वास आपोआप लांबतो, त्यामुळे ती म्हणण्यात मला काहीच गैर दिसत नाही. डोळे उघडे ठेवून, वर्गात बसून म्हणत असाल तर अवश्य म्हणा. पण ‘आज नावे म्हटली नाहीत तर वीज पडेल’ असे मनात येऊ लागले, तर तीही कार्यालयाची खोली झाली असे समजा आणि काही दिवस बाजूला ठेवा.

शाळेत तुम्ही स्वतःकडे एक काम घ्यावे असे मला वाटते, आणि माझ्या पत्रातील हा भाग तुम्ही मुख्याध्यापकांना दाखवला तरी चालेल. ढग गडगडू लागले की मैदानावरची, व्हरांड्यातली आणि हातपंपावरची मुले आत आणणे, खिडक्या लावून घेणे, पट मोजणे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे घड्याळ लावून कोणालाही बाहेर न सोडणे, हे काम तुमचे. भीतीचे सर्व बारकावे ज्या बाईंना ठाऊक आहेत त्यांच्याइतके हे काम कोणी नीट करणार नाही. चौथीची मुले सेकंद मोजून त्याला तीनने भागू शकतात. फळ्यावर अंतर लिहायला लावा. त्या वेळी तुमचे हात थरथरत असतील तर थरथरू द्या. थरथरत्या हाताने खडू धरता येतो, आणि तुम्ही वर्गात थांबलात ही गोष्ट तुमच्या मनात नोंदली जाते. ज्या मुलीने तुम्हाला रडताना पाहिले तिला एकदा जवळ बोलावून ‘हो, मला त्या दिवशी भीती वाटली होती’ असे सांगा. मुलांना बाईंचे घाबरणे समजते, बाईंचे निघून जाणे समजत नाही.

तुमच्या लेकीच्या बाबतीतही हेच आहे. मुले ढगांकडे कमी आणि आईच्या चेहऱ्याकडे अधिक बघतात. तिच्यासमोर मुळीच न घाबरल्याचे नाटक करू नका, ते तिला कळेल. ‘मला या आवाजाची भीती वाटते आणि ती कमी करण्याचा मी रोज सराव करते’ असे तिला साध्या शब्दांत सांगा आणि सेकंद मोजण्याचे काम तिच्याकडे द्या. घरच्यांनी हसू नये, हे तर झालेच. पण त्यांनी दर मिनिटाला ‘आता बरं वाटतंय का’ असेही विचारू नये. शेजारी बसावे, एवढीच त्यांची मदत.

यातले काही एकटीने जमले नाही, सहा-आठ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही किंवा शाळा बुडू लागली, तर चिकित्सक मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, आणि केंद्र सरकारच्या ‘टेलि मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. तेथे मराठीतही बोलता येते. ढग आले की घ्यायची गोळी कोणी ओळखीने दिली तर घेऊ नका. तेवढ्यापुरते शांत वाटते, परंतु मन पुन्हा श्रेय गोळीला देते आणि सराव वाया जातो. छातीत दुखणे किंवा चक्कर ढगाळ हवा नसतानाही होत असेल, तर मात्र आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि हो, या वयात ही भीती नक्की कमी होऊ शकते.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकरी आहे, वय ३६. मागच्या जुलैत रोवणी सुरू असताना पाऊस आला म्हणून आमच्यातील तिघे धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली गेले. वीज पडली. दोघे भाजले आणि माझा लहानपणापासूनचा सोबती तेथेच गेला. मी वीस पावलांवर धानाच्या बांधीत उभा होतो. मी धावलो, पण त्याच्या अंगात करंट असेल असे वाटून हात लावला नाही. तेव्हापासून आभाळ भरले की मी शेतात पाय ठेवू शकत नाही. ओल्या मातीचा वास आला तरी मळमळते. रात्री तेच दिसते. त्याच्या घरी मी दिवस झाल्यापासून गेलेलो नाही.

उत्तर : भाऊ, वरच्या पत्रातील ताईंची भीती लहानपणी ऐकलेल्या एका गोष्टीतून आली होती, तुमची डोळ्यांदेखत घडलेल्या मृत्यूतून आली आहे. म्हणून त्यांना सांगितलेला ध्वनिमुद्रणाचा सराव तुम्ही स्वतःच्या मनाने करू नका. इतक्या महिन्यांनंतरही तेच दृश्य रात्री परत येत असेल, वासाने मळमळत असेल आणि त्या जागेकडे पाय वळत नसेल, तर हा आघात आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. रोवणीची वाट न पाहता याच महिन्यात जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना भेटा. नागपूरला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तेथेही बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. त्याआधी बोलावेसे वाटले, अगदी रात्री दोन वाजता, तरी १४४१६ हा क्रमांक आहेच.

हात न लावल्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण पत्राचे सारे ओझे त्या ओळीवर आहे असे मला वाटते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. घरातील वायरला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये, हे मात्र आपल्या प्रत्येकाला लहानपणापासून सांगितलेले असते आणि तुम्ही त्या क्षणी तेच पाळले. हात लावला असता तर तो वाचला असता का, याचे उत्तर मी देऊ शकत नाही आणि दुसरे कोणीही देऊ शकणार नाही. तुम्ही त्याच्याकडे धावलात, तेही वीज नुकतीच पडलेली असताना, हेही तितकेच खरे आहे.

तुमच्या भीतीचा एक भाग बरोबर आहे, तो तसाच राहू द्या. गडगडाट ऐकू आला की पऱ्ह्याची जुडी हातातून खाली ठेवून सर्वांनी बांधीतून निघावे आणि पक्के घर किंवा काचा बंद केलेली, लोखंडी टपाची गाडी गाठावी. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये, कारण पाऊस पोहोचण्याआधीही वीज पडते. जवळ काहीच नसेल तर एकट्या उंच झाडापासून, साचलेल्या पाण्यापासून आणि तारेच्या कुंपणापासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे आणि जमिनीवर आडवे होऊ नये. मात्र त्याने संरक्षण मिळते असे समजू नये, तो नाइलाजाचा उपाय आहे. माणूस पडला आणि श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगून स्वतः छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहावे. हे शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्रातील कोणी रोवणीआधी गावात येईल का, ते तुमच्या सरपंचांना विचारा. विचारताना तुम्ही का विचारता हे सांगण्याची गरज नाही.

सोबत्याच्या घरी जाण्याचे मात्र उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा. जाल तेव्हा ऊन असताना, घरातील कोणाला तरी सोबत घेऊन जा आणि पहिल्या भेटीत त्या दिवसाविषयी बोललेच पाहिजे असे नाही. पोरांच्या शाळेचे विचारा, बियाण्याचे विचारा, यंदा त्यांच्या बांधीची रोवणी कोण करणार आहे ते विचारा.